मस्टरमध्ये मी काय लिहू?

डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या शाळेत कर्नाटक सरकारची ती ऑर्डर आली. कन्नडमध्येच होती, हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली आणि वाचताना मान एकदाही वर केली नाही. ऋतुचक्र रजे, म्हणजे पाळीची रजा. सरकारी नोकरीतल्या १८ ते ५२ वयाच्या बायकांना महिन्याला एक दिवस पगारी रजा, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागणार नाही, या महिन्याची रजा पुढच्या महिन्यात ढकलता येणार नाही. आम्ही पाच बायका आणि दोन सर. सर लोक खिडकीबाहेर बघत बसले. दोन तरुण मॅडम एकमेकींकडे बघून हसल्या, आनंदानंच. आणि माझ्या शेजारची बाई, वय ४४, जिची गर्भपिशवी तीन वर्षांपूर्वी काढली, ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, मी मस्टरमध्ये काय लिहू?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं वय ५१. २०२४ च्या गणपतीत शेवटची पाळी आली, त्यानंतर नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही की डॉक्टर म्हणतात रजोनिवृत्ती झाली, म्हणजे माझी झाली. ऑर्डरमध्ये माझं वय बसतं, अजून एक वर्ष, पण मी बसत नाही, कारण ती रजा पाळीची आहे आणि मला पाळी नाही. आणि गेली सहा वर्षं, जेव्हा मला खरंच कुणीतरी "बस जरा" म्हणायला हवं होतं, तेव्हा काहीच नव्हतं.

आधी सांगते, ही रजा मिळाली याचा मला आनंद आहे. मनापासून. ९ ऑक्टोबर २०२५ ला कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं हे धोरण मंजूर केलं, समितीनं वर्षाला ६ दिवस सुचवले होते, सरकारनं १२ दिले. बिहारमध्ये सरकारी नोकर बायकांना महिन्याला दोन दिवस १९९२ पासून आहेत, पण खाजगी कारखाने, दुकानं, चहा-कॉफीचे मळे, विडी कारखाने, मोटार वाहतूक या सगळ्यांना धरून आदेश काढायला धाडस लागतं आणि ते या सरकारनं नोव्हेंबरमध्ये दाखवलं. सीमाभागातली मराठी माणसं आम्ही, या सरकारशी आमची भांडणं काय कमी आहेत का, पण चांगलं केलं ते चांगलं केलं म्हणावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाईच्या शरीराची कटकट पाळी असेपर्यंत असते आणि पाळी गेली की ती सुटते, असं धरून हा नियम लिहिलाय, आणि ते खरं नाही. पाळी जाताना जो त्रास होतो तो कामावर जास्त जाणवतो, कारण त्याला तारीख नसते. आणि त्यावर एक दिवसाची रजा हा पुरा इलाज नाही, कामाची जागाच थोडी बदलावी लागेल.

आपल्या देशात बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. गोऱ्या देशांत ती ५१ च्या आसपास जाते, आपली चार-पाच वर्षं आधी. आणि एका दिवसात नाही जात हो ती. आधीची चार-पाच वर्षं नुसता गोंधळ असतो, कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत परत, कधी दोन दिवसांत संपते, कधी बारा दिवस थांबतच नाही. गरम वाफा, रात्रीची झोप उडणं, धडधड, सांधे धरणं, नावं न आठवणं, उगीच रडू येणं, सगळं त्याच काळात. अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास आहे, त्यात ज्यांना वाफांचा वारंवार त्रास होता त्यांतल्या निम्म्या जणींना तो ७.४ वर्षं किंवा त्याहून जास्त पुरला. साडेसात वर्षं धरा. आपल्याकडे साडेसाती म्हणतात ती हीच असेल असं मला त्या दिवसांत वाटायचं. आता वय जोडून बघा. ४२-४३ ते ५२-५३. शिक्षिका असेल तर ती सीनियर झालेली असते, नर्स असेल तर वॉर्डची जबाबदारी तिच्यावर असते, विडी वळणारी असेल तर तिची बोटं सगळ्यात पक्की त्याच वयात झालेली असतात. घरी मुलाची बारावी, मुलीचं लग्न, सासूचं आजारपण, ते वेगळंच.

माझा एक प्रसंग सांगते, कधी कुणाला सांगितला नव्हता. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावी बोर्डाच्या, परीक्षेला सुपरव्हिजनची ड्युटी होती दुसऱ्या एका शाळेत, मी ४७ ची असेन. तीन तास वर्गात उभं राहायचं, बसायचं नाही, बाहेर जायचं नाही. दोन महिने पाळी नव्हती म्हणून मी निर्धास्त होते. पेपर वाटून झाले आणि पंधरा मिनिटांत मला कळलं की काहीतरी झालंय, आणि थोडंथोडकं नाही, नळ सोडावा तसं. रिलीव्हरला, म्हणजे बदली सुपरवायझरला, निरोप पाठवायचा तर दारात उभा असलेला शिपाई एक मुलगा, माझ्या मुलाच्या वयाचा, त्याला काय सांगू? मी जाऊन मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. साडी मोरपंखी होती, गडद, ते एक बरं. रिलीव्हर मॅडम सव्वा तासानं आल्या. तो सव्वा तास मी समोरच्या फळ्यावर लिहिलेले नंबर मोजत होते आणि एका पोरीनं सप्लिमेंट मागायला हात वर केला तर मी जागची हलू शकले नाही, "इकडं येऊन घे" म्हटलं. ती आली, माझ्याकडं बघितलं, आणि तिला कळलं. पंधरा-सोळा वर्षांची पोर. काही बोलली नाही, पेपर घेऊन गेली, आणि सुटल्यावर माझ्या मागं मागं चालत गेटपर्यंत आली, दप्तर पाठीवर न घेता हातात धरून, माझ्या पाठीशी आडोसा करून. तिचं नाव मला माहीत नाही. त्या केंद्रावर सात-आठ बायका ड्युटीला होत्या, निम्म्या चाळिशीच्या पुढच्या, आणि बायकांच्या टॉयलेटला पाणी नव्हतं.

पुढं एकदा रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८ निघालं. मी दोन वर्षं "वय झालं, दम लागतो" म्हणून जिन्यात थांबत होते. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायका रक्तानं कमी आहेत असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय, त्यात हे जाताजाताचं रक्त वाहून जाणं धरलं तर आपण किती बायका अर्ध्या ताकदीवर काम करतोय बघा.

वाफांचं सांगायचं तर छातीतून सुरू होतं, मानेवर चढतं, कानाच्या पाळ्या तापतात, पाठीवरून घाम ओघळतो, ब्लाउज भिजतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरलं की थंडी वाजते. आठवीच्या वर्गात शिकवताना हे झालं की पोरं विचारतात, "मॅडम, ताप आलाय काय?" मी हो म्हणायची. ताप आलाय म्हणणं सोपं असतं.

माझं माहेर निपाणी. आई तंबाखूच्या वखारीत जायची, निवडायला, चाळायला. वखारीतला तो खकाणा, तंबाखूची धूळ, ज्यानं बघितलाय त्यालाच कळेल, पत्र्याखाली शंभर बायका, तोंडाला पदर बांधलेला, डोळे लाल, खोकला. निपाणीचं १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन सगळ्यांना आठवतं, शरद जोशींचं, हायवे अडवला होता ते, पण त्याच सुमाराला वखारीतल्या बायकांनी युनियन उभी केली होती, प्रा. सुभाष जोशी सरांच्या पुढाकारानं, ती फार कमी लोकांना आठवते. आई त्या मोर्चाला जायची. मजुरी, कामाचे तास, बोनस, यावर त्या बायका भांडल्या, मालकासमोर उभं राहून भांडल्या. पण आईची पाळी जायला लागली तेव्हा तिनं कुणाला काही सांगितलं नाही. डिसेंबरच्या थंडीत मी रात्री उठले की आई मागच्या दारात पायरीवर बसलेली दिसायची, पदर पाण्यात पिळून मानेवर टाकलेला. "काय गं आई?" तर म्हणायची, "उष्णता वाढलीय, झोप तू." आजी तिला सब्जा, गुलकंद, जिऱ्याचं पाणी द्यायची. बाबा म्हणायचे, हिचं डोकं फिरलंय हल्ली. आणि सकाळी सातला आई वखारीत. न झोपता, त्या पत्र्याखाली, तोंड बांधून. मी तेव्हा कॉलेजात होते, मला वाटायचं आई चिडकी झालीय. आज मी त्याच वयाची झाले आणि त्या पायरीवर बसलेल्या बाईला जाऊन काहीतरी विचारावंसं वाटतं, पण ती आता नाही.

युनियन केलेल्या बायकासुद्धा यावर बोलल्या नाहीत, त्याचं एक कारण भाषेत आहे असं मला वाटतं. आपण मराठीत म्हणतो कावळा शिवला, बाहेरची झाली, शिवायचं नाही. कन्नडमध्ये पाळीला मुट्टु म्हणतात, आणि मुट्टु म्हणजे शिवणं, स्पर्श. सीमेच्या दोन्ही बाजूंनी शब्द वेगळे पण विटाळ तोच, एकाच मापाचा. मग पाळी जाते तेव्हा काय होतं, तर बाई 'शुद्ध' होते. देवाचं करायला मोकळी, लोणच्याच्या बरणीला हात लावायला मोकळी. "सुटलीस बाई" म्हणतात शेजारणी. ज्या गोष्टीतून सुटलो म्हणून सगळे अभिनंदन करतायत तिचा त्रास होतोय असं कोण बोलणार? आणि रजोनिवृत्ती, ऋतुबंध हे शब्द पुस्तकातले, त्या शब्दानं कुणी बाई आपलं दुखणं सांगत नाही. आमच्याकडं बाई म्हणते, "माझं जायला लागलंय." अर्धं वाक्य. काय जायला लागलंय ते ऐकणारीनं समजून घ्यायचं. पीएचसीत, सरकारी आरोग्य केंद्रात, डॉक्टर कन्नड बोलणारे असले की ते अर्धं वाक्यही घशात राहतं.

माझी नणंद बसमध्ये कंडक्टर आहे, वय ४८. पहाटे पावणेसहाची पहिली गाडी. ती आदल्या रात्री आठनंतर पाणी पीत नाही आणि सकाळी फक्त अर्धा कप चहा, कारण वाटेत कुठं जायचं? मोठ्या स्टँडवर सोय आहे, पण गावाच्या शेवटच्या स्टॉपवर गाडी दहा मिनिटं थांबते तिथं एक पिंपळ आणि एक पानटपरी, ड्रायव्हर जातात झाडामागं, ती बसते गाडीतच. ११ जून २०२३ पासून बायकांना बसप्रवास फुकट झाला, शक्ती योजना, तेव्हापासून गाड्या भरभरून जातात आणि प्रत्येक बाईला शून्याचं तिकीट फाडून द्यावंच लागतं. नणंद त्या योजनेवर खूश आहे, म्हणते बायका बाजाराला, माहेराला, दवाखान्याला जायला लागल्या, बघून बरं वाटतं. पण त्या गर्दीत वाफ आली की तिला दार धरून उभं राहावं लागतं. आणि पाणी न पिण्याचं काय होतं ते ऐका. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, त्यानं तिथली आणि लघवीच्या वाटेची त्वचा पातळ, कोरडी होते, जंतू लवकर धरतात, लघवी रोखता येत नाही, घाई होते. अशा बाईनं भरपूर पाणी प्यावं आणि वेळच्या वेळी जावं असं डॉक्टर सांगतात. नणंदेला वर्षात चार वेळा इन्फेक्शन झालं. चौथ्या वेळी डॉक्टरीण बाई तिला रागावल्या, पाणी का पीत नाही म्हणून. तिनं काय सांगायचं? महिन्याला एक रजा दिली तर ती घेईलच, पण उरलेले पंचवीस दिवस पिंपळाखाली गाडी तशीच थांबणार आहे. त्या पिंपळाजवळ एक पाण्याचं टॉयलेट बांधलं तर ते बारा रजांच्या बरोबरीचं आहे, आणि शेवटच्या स्टॉपवर उतरणाऱ्या सगळ्या बायकांना उपयोगी पडेल, १८ च्या आणि ८० च्यासुद्धा.

आणि ज्यांना मालकच नाही त्यांचं काय. निपाणीला माझी आत्या अजून विड्या वळते, घरी. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायची, मग सूप मांडीवर घेऊन वळत बसायचं, पंचवीसचा कट्टा बांधायचा, हजार झाल्या की मजुरी. त्यातली छाट निघाली तर ती वजा. विडी कामगारांचा कायदा १९६६ चा आहे आणि रजेच्या आदेशात त्याचं नाव आहे, हे वाचून मला बरं वाटलं होतं, मी आत्याला फोनसुद्धा केला. ती म्हणाली, "रजा घेऊन काय करू, त्या दिवशीच्या हजार विड्या कोण वळणार?" तिला पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, तिच्यासाठी नव्हेच ते, पण तिची सून ४५ ची आहे, शेजारी बसून वळते, तिची बोटं सकाळी उठल्यावर आखडलेली असतात, गरम पाण्यात बुडवून मोकळी करायला लागतात. सांधे धरणं हा या वयात बऱ्याच जणी सांगतात तो त्रास आणि तिचं पोट बोटांवर. हजारच्या सातशे झाल्या तर तिला कुणी आजारी म्हणत नाही, हळू झाली म्हणतात. नगावर मजुरी असणाऱ्या बाईला पगारी रजा म्हणजे काय, किती विड्यांचे पैसे, कोण देणार, ठेकेदार की कारखाना, याचं साधं गणित कुणीतरी करून कागदावर लिहायला पाहिजे, नाहीतर आदेशात कायद्याचं नाव येऊन तिच्या सुपात काही पडणार नाही.

आता त्या ४४ वर्षांच्या बाईकडं येते, कारण तिचा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. आमच्या भागात किती बायकांची पिशवी काढलेली आहे हे हळदीकुंकवाला बसलं की कळतं. अंगावरून जास्त जातंय, पोटात दुखतंय, कामावर खाडा होतोय, की "काढून टाका, कटकट मिटेल". गाठी असतात, कॅन्सरची भीती असते, काही ऑपरेशनं गरजेची असतातच, मी डॉक्टर नाही. पण बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं तेव्हा महाराष्ट्र सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्याच टोळ्या आमच्या चिकोडी, अथणी, निपाणीच्या कारखान्यांवर येतात, कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी, एकानं खाडा केला तर दोघांचे पैसे कापतात. आमच्या कर्नाटकात कलबुर्गीच्या लंबाणी बायकांचं त्याच्याही आधी गाजलं. शेवटी ५ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं की गरज नसताना पिशव्या काढणं थांबवायचे नियम तीन महिन्यांत लागू करा. पण मूळ काय होतं बघा. कामाच्या जागी टॉयलेट नाही, थांबायची सोय नाही, एका दिवसाचा खाडा परवडत नाही, म्हणून बाईनं आपलं शरीर कामाला बसेल असं कापून घेतलं. आणि पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर त्याच दिवशी पाळी गेल्यासारखं होतं, पाच वर्षांत व्हायचं ते एका रात्रीत, तेही तिशी-पस्तिशीत, हाडं ठिसूळ व्हायला तिथूनच सुरुवात. अंडाशय ठेवलं तरी ते वेळेआधी थकण्याची शक्यता असते. आमच्या मॅडमचं त्यातलं पहिलं झालं, तिला काय काय काढलं हे तिलाच नीट माहीत नाही, डिस्चार्जचा कागद इंग्रजीत होता, मी वाचून सांगितला तेव्हा तिला कळलं की दोन्ही अंडाशयं गेली आहेत. तीन वर्षं ती शाळेत वाफांनी हैराण होती आणि तिला वाटत होतं बीपी वाढतंय.

या बाईला ऑर्डरमध्ये जागा नाही. वय ४४, हक्काच्या वयाच्या आठ वर्षं आत, आणि रजेचं कारण लिहायला शब्द नाही. त्या दिवशी एक तरुण मॅडम अगदी सहज म्हणाली, "तुमचं तर संपलंय ना मॅडम, मग तुम्हाला कशाला?" वाईट हेतूनं नाही म्हणाली, तिला माहीतच नाही, मलाही तिच्या वयात माहीत नव्हतं. पण बायकाबायकांत हे असं मोजणं सुरू झालं की अवघड होतं. आमच्या तालुक्यात दोन शिक्षिकांच्या मराठी शाळा आहेत, एक रजेवर गेली की दुसरीवर चार इयत्ता. जिला रजा आहे ती घेते, जिला नाही ती दोघींचं काम करते, आणि जिला नाही ती बहुतेक वेळा वयानं मोठी, रात्रभर न झोपलेली. सरकारनं रजा द्यायची आणि तिची किंमत दुसऱ्या बाईनं चुकवायची, हे मला मान्य नाही.

लोक म्हणतात असं सगळं मागत बसलात तर बायकांना कामावर कोण ठेवणार. बंगळुरूच्या हॉटेलवाल्यांची संघटना या रजेविरुद्ध हायकोर्टात गेलीच. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, छोट्या कारखान्यात, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या शेडमध्ये दहा माणसं असतात, त्यातली दोन नसली तर मशीन बंद राहतं हे खरं. पण ४८ वर्षांची बाई कंटाळून काम सोडून गेली तर मालकाचं काय जातं त्याचाही हिशोब मांडा. मेयो क्लिनिक या अमेरिकेतल्या मोठ्या हॉस्पिटलनं २०२३ मध्ये तिथल्यापुरता तो मांडला, या त्रासामुळं बुडालेल्या कामाच्या वेळेचे वर्षाला १.८ अब्ज डॉलर. आपला आकडा कुणी काढलेला मला दिसला नाही, पण वीस वर्षं हात बसलेली बाई गेली की तिच्या जागी नवीन मुलगी शिकेपर्यंत किती माल वाया जातो हे कुठल्याही सुपरवायझरला विचारा.

दुसरे म्हणतात, आमच्या आयांनी नाही का केलं सगळं, कुठं बोंब मारली? केलं. मी वर लिहिलंय कसं केलं.

आणि तिसरा आक्षेप बायकाच घेतात आणि तो मला सगळ्यात खरा वाटतो. त्या म्हणतात, मला माझं असलं काही ऑफिसात सांगायचं नाही. पन्नाशीची बाई म्हटलं की आधीच 'आता हिचं काय राहिलं' असं बघतात, त्यात हिची पाळी गेली हे मस्टरवर कशाला? बरोबर आहे. म्हणूनच मी म्हणते की जे काही द्यायचं ते न सांगता मिळेल असं द्या. टॉयलेट, पाणी, पंखा, बसायला स्टूल, खिडकीजवळची जागा, याला कुणाला कारण सांगावं लागत नाही. परीक्षेच्या ड्युटीला दर तासाला पाच मिनिटं रिलीव्हर फिरवा, सगळ्यांसाठी, सरांसाठीसुद्धा, त्यांच्यातही शुगरवाले, प्रोस्टेटवाले आहेत, त्यांनाही तीन तास उभं राहणं सोपं नाही. आणि रजेचं नाव नुसतं 'महिला आरोग्य रजा' करा, पाळी, पाळी जाणं, पिशवी काढलेली, सगळं त्यात येऊ दे, ५२ ची अट काढून नोकरी असेपर्यंत ठेवा. कारण विचारू नका, लिहायला लावू नका, मस्टरमध्ये एक अक्षर पुरे. इंग्लंडमध्ये संसदेच्या समितीनं २०२२ मध्ये मेनोपॉजची वेगळी रजा करून बघा म्हटलं तर सरकारनं २०२३ मध्ये नकार दिला, पण तिथंच त्या वर्षी कामाच्या जागेसाठी एक मानक निघालं, त्यात हवा, कपडे, विश्रांती, बोलायची सोय असल्याच गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यानं २०२५ मध्ये मालकांना या त्रासासाठी सोयी करून देणं कायद्यात घातलं. म्हणजे अशक्य काही मागत नाही आम्ही.

शिवाय दवाखाना. आशाताई घरोघर येऊन बीपी, शुगर बघतात, गृह आरोग्य योजनेत, त्यांच्या कागदात चाळिशीच्या पुढच्या बाईसाठी दोन प्रश्न वाढवा: पाळीचं कसं चाललंय, झोप लागते का. आणि ते मराठी गावात मराठीत विचारा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा. कारण अर्ध्या बायकांना माहीतच नाही की यावर इलाज आहे. हार्मोनच्या गोळ्यांची २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर सगळ्यांना भीती बसली, नंतर त्याच माहितीकडं डॉक्टरांनी परत बघितलं, आता ६० च्या आतल्या, पाळी जाऊन १० वर्षं न झालेल्या आणि छातीचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या असं काही नसलेल्या बायकांना तपासून देतात, बऱ्याच जणींना चांगला गुण येतो. गोळी घ्यायची नसेल तर बिनहार्मोनचेही उपाय आहेत. आणि वर्षभर पाळी बंद होऊन परत रक्त दिसलं तर ते 'परत आली' म्हणून हसण्यासारखं नसतं, त्याच आठवड्यात दाखवायचं, कारण कधी कधी तो पिशवीच्या कॅन्सरचा पहिला निरोप असतो. हे आमच्या स्टाफरूममध्ये पाचपैकी एकीलाच माहीत होतं.

आम्ही आता अर्ज करतोय. दोन भाषांत, एका पानावर कन्नड, मागच्या पानावर मराठी. कन्नड मजकूर त्याच तरुण मॅडमनं लिहून दिला, जिनं मला "तुमचं तर संपलंय" म्हटलं होतं, तिचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि लिहिताना तिनं स्वतःहून विचारलं, "मॅडम, माझ्या आईला रात्री घाम येतो, ते हेच का?" परीक्षा केंद्रावर बायकांच्या टॉयलेटला पाणी, तासाला रिलीव्हर, आणि रजेचं नाव बदलणं, तीनच मागण्या ठेवल्यात. आतापर्यंत चार शाळांतून सतरा सह्या झाल्या. पहिली सही त्या ४४ वर्षांच्या बाईची आहे. जानेवारीत तिनं एक दिवस घेतला, रात्री दोनला जागी झाली ती परत झोपली नाही म्हणून, आणि मस्टरमध्ये तिनं सीएल, म्हणजे नेहमीची किरकोळ रजा, लिहिली. वर्षाच्या तिच्या सीएल आताच एकनं कमी झाल्या.